मदतीची मुदत कृमी ठरवतो

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यातील सुपीक जमीन एके काळी ओस पडली होती. नदीकाठी राहणारी माणसे आंधळी होत आणि गावेच्या गावे उठून जात. कारण होती एक काळी माशी. ती वेगाने वाहणाऱ्या पाण्यात अंडी घालते आणि चावताना माणसाच्या शरीरात एका कृमीच्या अळ्या सोडते. पुढे या कृमीची मादी त्वचेखालच्या गाठीत राहून असंख्य सूक्ष्म पिल्ले सोडत राहते. ती डोळ्यांत जाऊन मेली की दाह होतो, पारपटलावर वण पडतात आणि दृष्टी जाते. हाच 'रिव्हर ब्लाइंडनेस', म्हणजे नदीकाठचे अंधत्व.

१९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि सात देशांनी मिळून मोहीम सुरू केली. पैसा अनेक श्रीमंत देशांचा होता. हेलिकॉप्टरमधून दर आठवड्याला नद्यांत अळीनाशक टाकले जाई. पण प्रौढ कृमी शरीरात १० ते १५ वर्षे जगतो आणि त्या वेळी सर्वांना देता येईल असे सुरक्षित औषध नव्हते. मध्येच फवारणी थांबवली, तर नवी माशी जुन्या रोग्याला चावून साखळी पुन्हा जोडणार! म्हणून मोहिमेची आखणीच सुमारे वीस वर्षांची करावी लागली. शिवाय माशी वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते. त्यामुळे पुढे देशांची संख्या ११ झाली.

१९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध गरज असेपर्यंत मोफत देण्याचे जाहीर केले. हे औषध पिल्लांना मारते, प्रौढ कृमीला नाही. म्हणजे ते वर्षानुवर्षे द्यायला हवे. गावकऱ्यांनीच निवडलेली माणसे उंची मोजून गोळ्या वाटू लागली.

ही मोहीम २००२ मध्ये संपली. सुमारे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वापरात आली. २०२५ च्या जानेवारीत नायजर हा रोगाचा प्रसार थांबवणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. पन्नास वर्षे लागली!

आम्हा संशोधकांना यात एक साधी गोष्ट दिसते. देणाऱ्या देशांची अंदाजपत्रके वर्षाची असतात, कृमीचे आयुष्य मात्र त्याहून कितीतरी मोठे. मदत अर्ध्यावर तोडली, तर आधीचा खर्चही वाया जातो. वर्गात परजीवींचे जीवनचक्र शिकवताना आपण मुलांना विचारू या : या चक्रातील सर्वांत लांब टप्पा कोणता? मदतीची मुदत तिथेच ठरते.