चिरूट, विडी आणि किनवटचे पान

उत्तम प्रतीचे चिरूट धारदार सुरीने उभे छेदून त्याचे एकेक वेष्टन हलक्या हाताने उलगडीत गेले, म्हणजे बाहेरून एकजीव भासणारी ती वस्तू वस्तुतः तीन निरनिराळ्या गुणांच्या पानांची रचना आहे, हे ध्यानात येते. सर्वांत बाहेरचे पान तलम, एकाच वर्णाचे आणि शिरा जेमतेम दिसतील असे. मधली जाड शीर काढून टाकल्यावर उरणाऱ्या अर्ध्या पानातून ते लांबट पट्टीसारखे कापलेले असते व तळापासून माथ्यापर्यंत तिरके वळसे घेत जाते. त्याच्या आतले पान चिवट, कारण गाभ्याला आवळून धरणे एवढेच त्याचे कर्तव्य. आणि गाभ्यात, हवेला वाट राहावी अशा बेताने दुमडून रचलेली अखंड पाने: रोपाच्या शेंड्याकडील, उन्हाचा ताप अधिक सोसलेली उग्र, मधली सुवासिक, आणि बुडाकडील, सहज जळणारी. माथ्यावरची इवलीशी टोपी वनस्पतीच्या डिंकाने चिकटवलेली असते. हवानाचा कारागीर हे सारे एक लाकडी पाट आणि मूठ नसलेली वक्र पात्याची सुरी एवढ्या सामग्रीवर करतो. या रचनेत दोरा नाही, कागद नाही, तंबाखूवाचून दुसरे पान नाही.

नांदेड आणि लातूरच्या मुलखाची वस्तू चिरूट नव्हे, विडी होय. इंग्रजी अमदानीत त्रिचनापल्ली आणि दिंडीगलची चिरुटे छावण्याछावण्यांतून ओढली जात. पण छावणीबाहेरच्या शेतकऱ्याला आणि हमालाला तो षोक परवडण्याजोगा नव्हता. त्याने चिरुटाची कल्पना ठेवली आणि द्रव्य बदलले. म्हणून ज्या चिकित्सेने चिरूट उकलावे त्याच चिकित्सेने विडी उकलून पाहिली पाहिजे, कारण तिच्या घडीघडीत या प्रदेशाचा इतिहास दडलेला आहे.

तंबाखू दक्षिणेत पोर्तुगीजांबरोबर आली, आणि उत्तरेला ती दक्षिणेतूनच गेली. अकबराचा वकील असदबेग आदिलशाही विजापुराहून परतला तेव्हा १६०४ च्या सुमारास बादशहापुढे तंबाखू आणि रत्नजडित हुक्का ठेवल्याची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई करणारे फर्मान काढले, त्याचा उपयोग फारसा झाला नाही. हुक्क्याचे एक मोठे पीठ तर आपल्या शेजारीच होते. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवणाऱ्या बिदरच्या कारागिरांनी हुक्क्याचे तळ जितक्या कौशल्याने घडवले तितके क्वचितच कोणी घडवले असतील. आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत त्याच बिदर जिल्ह्याचे भाग होते. परंतु हुक्का हे बैठकीचे साधन. नांगरामागे चालणाऱ्या किंवा ओझे वाहणाऱ्या माणसाला खिशात मावेल, काडी ओढताच पेटेल आणि विझली तर कानावर ठेवता येईल अशी वस्तू हवी होती.

आता विडी उकलू. दोरा सोडला की पान आपोआप सैल होते, कारण त्याला डिंक लागलेला नसतो. ओलाव्याने मऊ केलेले पान वळून वाळले की तो आकार धरून ठेवते. कापाकापीत जाड शिरा व कडा जाऊन राहिलेला हा आयताकृती तुकडा टेंभुर्णीचा, म्हणजेच तेंदूचा असतो. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने हा तुकडा कापतात, जर्द्याची, म्हणजे तंबाखूच्या चुऱ्याची, चिमूट त्यावर पसरतात, एका टोकाला निमुळती अशी गुंडाळी करतात, रुंद तोंड दुमडून बंद करतात आणि दोऱ्याचे वेढे देतात. आत जर्दा किती, तर ग्रॅमचा जेमतेम पाव भाग. चिरुटाच्या तीन पानांचे काम येथे एका रानपानाने आणि एका दोऱ्याने उरकले आहे. सगळ्यांत मौल्यवान द्रव्य सगळ्यांत कमी वापरून धूम्रपानाची पूर्ण वस्तू सिद्ध करणे, ही माझ्या मते कारागिरीतली सामान्य गोष्ट नव्हे.

पूर्वी आपट्याच्या पानाच्याही विड्या होत. परंतु तेंदूचे पान मोठे, चिवट, वाळल्यावरही न चुरणारे, म्हणून त्याने इतरांना मागे सारले. १८९९ च्या दुष्काळानंतर गुजरातेतून जबलपूरकडे गेलेल्या व्यापाऱ्यांनी हे पान हेरून धंद्याला मोठे रूप दिले, असे सांगतात. निजामाच्या राज्यात त्या धंद्याला वाट मिळाली ती रेल्वेने. गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारी लोहमार्गाची शाखा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि नांदेड व निजामाबाद एका रुळावर आली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये पोहोचली. १९२७ मध्ये तीच रेल्वे मिरजेपर्यंत गेली आणि लातूरची पेठ दक्षिण महाराष्ट्राच्या तंबाखूच्या मुलखाशी जोडली गेली. सरहद्दीवर मात्र निजामाच्या करोडगिरीची नाकी होती. ब्रिटिश मुलखातून येणारा माल जकात भरल्यावाचून आत येत नसे. पान मात्र घरचेच होते.

ते घर म्हणजे किनवट आणि माहूरचे डोंगर. ऐन उन्हाळ्यात, छाटलेल्या झुडपांना नवी पालवी फुटून ती पुरेशी रुंद झाली की पहाटे उठून गोंड, कोलाम, आंध कुटुंबे रानात शिरतात. दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधतात आणि सायंकाळी खरेदीच्या ठिकाणी मोजून देतात. मग ते पुडे उन्हात वाळवतात. पावसाचा एक शिडकावा अवेळी झाला तरी पानांवर डाग पडून माल हलका ठरतो. वर्षातल्या या मोजक्या आठवड्यांतल्या रोख पैशावर पेरणीचे बियाणे आणि लग्नकार्ये अवलंबून असतात. चिरुटाचे वेष्टन ज्या दक्षतेने निवडले जाते तिचे गोडवे जगभर गायिले गेले. किनवटच्या रानात डाग पडलेले पान बाजूला टाकणाऱ्या बोटांची दक्षता तिच्याहून उणी नाही, आणि तिचा गौरव मात्र कोठे झालेला नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या व्यवहाराच्या मधोमध रेघ ओढली. किनवट तालुका आणि इस्लापूरचे मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडकडे आले. नांदेडचे मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा व जुक्कल हे भाग तेलुगू बाजूला गेले. पानाचे रान एका राज्यात राहिले आणि निजामाबाद, जगित्याल येथली विडी वळणारी घरे दुसऱ्यात. लातूरच्या नैऋत्येस सोलापुरातही हेच काम मुख्यतः तेलुगू भाषक पद्मशाली स्त्रियांच्या हाती आहे. भाषेच्या सीमेवर धंद्याची सीमा कधी बसत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

वळणारीची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते. सट्टेदार, म्हणजे मधला कंत्राटदार, पान आणि जर्दा तोलून देतो, वळलेला माल तपासून घेतो, आणि जो नापसंत पडेल तो ‘छाट’ म्हणून वेगळा काढतो. त्या छाटीचा दाम बाईला मिळत नसे आणि छाट विडी परतही मिळत नसे. या एका गोष्टीवरून जेवढे तंटे झाले तेवढे अन्य कशावरून झाले नसतील. १९६६ च्या कायद्याने कच्च्या मालाचा आणि छाटीचा वाद सक्षम अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली. त्या कायद्याचे नावच ‘बिडी आणि सिगार कामगार’ असे होते: बाजाराने इतक्या दूर ठेवलेल्या दोन वस्तू कायद्याने एका ओळीत बसवल्या. १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपजाच्या व्यापाराचे नियमन आपल्या हाती घेतले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या यादीत तेंदूपान नावानिशी लिहिले.

या धंद्याच्या धुराने किती आयुष्ये खंगली हे लपवून इतिहास लिहिता येत नाही. ओढणाऱ्याची छाती आणि दिवसभर जर्द्याची धूळ हुंगणाऱ्या बाईची छाती, दोहोंनी ती किंमत मोजली आहे. नांदेड तर ज्या गुरू गोविंदसिंगांच्या १७०८ मधील देहावसानाने पावन झाले, त्यांच्या खालसा पंथाने तंबाखू सर्वथा वर्ज्य मानली आहे; हुजूर साहिबच्या नगरीत तिचा नियमपूर्वक त्याग करणारे आणि त्याच जिल्ह्याच्या रानात तिचे वेष्टन वेचून पोट भरणारे, दोघेही आपलेच लोक आहेत.

विड्या ओढणे कमी होत आहे, आणि व्हावेच. पण त्याबरोबर किनवटचे पान, निजामाबादचे हात आणि छाटीचे तंटे यांची स्मृती जाऊ नये. नांदेड, किनवट, उदगीर, निलंगा येथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, पान वेचलेल्या आणि विड्या वळलेल्या वृद्ध स्त्रिया अद्याप बोलत्या आहेत तोवर त्यांच्याकडून हंगाम, मजुरी, मुकादम, सट्टेदार आणि हातांच्या युक्त्या ऐकून उतरवून घ्याव्यात. आणि घरात पत्र्याचा फर्मा वा कात्री उरली असेल तर ती भंगारात न घालता जवळच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करावी.