शंभर रँडचा हिशेब

मागच्या वेळी आपण दक्षिण आफ्रिकेत थांबलो होतो, तिथूनच पुढे जाऊ. 1928 साली तिथे गरीब वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा झाला, पण तो फक्त गोऱ्यांना आणि 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीयांना. आफ्रिकन आणि भारतीय वृद्ध आत आले ते 1944 मध्ये, तेही कमी रकमेवर. म्हातारपण सारखंच, दर मात्र कातडीप्रमाणे! पुढे दहा बंटुस्तानं झाली आणि प्रत्येकाचा कारभार निराळा. सगळ्यांना सारखी पेन्शन मिळायला 1993 उजाडलं.

खरा पेच मुलांच्या अनुदानात होता. एकट्या आईला मिळणारं जुनं निर्वाह अनुदान मुख्यतः कलर्ड आणि भारतीय बायकांपर्यंत पोचायचं; आफ्रिकन आयांपर्यंत जवळजवळ नाहीच. तेच सर्वांना द्यायचं तर तिजोरी पुरणार नाही, असं ठरलं. 1996 मध्ये फ्रान्सी लुंड यांच्या समितीने सुचवलं की जुनं बंद करा, रक्कम लहान ठेवा, पण प्रत्येक गरीब मुलामागे द्या, सांभाळणारं कुणीही असो. 1998 पासून सात वर्षांखालच्या मुलाला महिना 100 रँड सुरू झाले. आधी 75च देणार होते. ओरड झाली म्हणून वाढवले.

आता बघा, जिचं अनुदान तीन वर्षांत शून्यावर आलं ती कलर्ड विधवा काही श्रीमंत नव्हती. वंशभेदाचं देणं तिनं का फेडावं? आम्हाला समितीचं म्हणणं पटतं, पण हा प्रश्न काही मिटत नाही. प्रांतांकडचं वाटप 2006 मध्ये एका राष्ट्रीय संस्थेकडे आलं, वयाची अट हळूहळू 18 पर्यंत गेली. त्या विधवेची मुलं तोवर मोठी झाली होती.