बाण समुद्राकडे, वारा घराकडे

जुलै महिन्यात रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की वारा सरळ तोंडावर येतो. जवळ वातकुक्कुट असेल तर त्याचा बाण मात्र समुद्राकडे रोखलेला दिसेल. संगणकाच्या पडद्यावरील काही नकाशांत तर त्याच वाऱ्याचे बाण जमिनीत शिरताना दिसतात. विद्यार्थी गोंधळतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही असे आम्हांला वाटते.

वातकुक्कुटाचे शेपूट रुंद असते. वारा ते मागे ढकलतो, म्हणून टोक वारा येतो त्या बाजूला वळते. अथेन्सच्या अष्टकोनी वायुमनोऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी असाच फिरता दर्शक होता. भाषेतही हाच संकेत आहे : नैऋत्य मोसमी वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा. (सागरी प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो तीच सांगतात!)

१६८६ साली एडमंड हॅले यांनी – धूमकेतूवाले हॅले तेच – वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आपला अरबी समुद्रही आहे. बाण नाहीत, बारीक रेघा आहेत. रेघेचे निमुळते टोक वारा येतो त्या दिशेला. मोसमी वारे ऋतूप्रमाणे उलटतात, म्हणून तेथे रेघांच्या ओळी आळीपाळीने उलटसुलट काढल्या आहेत. आजच्या हवामान-नकाशातही केंद्राच्या वर्तुळातून निघणारी काठी वारा येतो त्याच बाजूला जाते. काठीच्या टोकाला वेगाची पिसे : अर्धे ५ नॉट, पूर्ण १० नॉट, त्रिकोण ५० नॉटांचा.

संकेत चुकला तर काय होते? ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रत्नागिरीच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेला सरकले. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली, की वादळाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. वारा दक्षिणेचा असेल तर केंद्र पश्चिमेला, समुद्रात. बाण उलटा वाचून तोच वारा उत्तरेचा मानला, तर केंद्र पूर्वेला, जमिनीवर ठरते, आणि होडीवाला सुरक्षित समजून नेमका वादळाच्या दिशेने जाईल.

म्हणून पडद्यावर बाणाआधी अंश पाहावेत. पूर्वेकडून येणारा वारा ९०, दक्षिणेचा १८०, पश्चिमेचा २७०. उत्तरेचा वारा ३६० असा नोंदवतात, शून्य नव्हे. शून्य हा आकडा वारा पूर्ण पडलेला असतानाचा.