सर्पपेटीचे तापमान
बंदिस्त जागेत ठेवलेल्या सापासाठी राखावी लागणारी उष्णतेची व्यवस्था. साप शीतरक्ताचा, म्हणजे शरीराची ऊब बाहेरून मिळवणारा प्राणी. म्हणून पेटीत एकच तापमान राखणे चुकीचे. एक टोक साधारण 30 ते 32 अंश सेल्सिअस, दुसरे 25 च्या आसपास, आणि मध्ये सापाला सरकायला मोकळी वाट हवी. गारठ्यात भक्ष्य पचत नाही. साप ते ओकून टाकतो. उलट बंद पेटी उन्हात राहिली तर तो काही वेळातच मरतो. दुसरा धोका अधिक मोठा, कारण तिथून त्याला पळता येत नाही. उष्णतेचा दिवा किंवा तापणारी पट्टी थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये, सापाच्या अंगाला तिचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. पोट भाजले तरी साप अनेकदा पट्टीवरून हटत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे भारतात नाग, घोणस, धामण, अजगर हे देशी साप घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रात हे ज्ञान प्रामुख्याने पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानासारख्या ठिकाणी आणि पकडलेला साप सोडेपर्यंत सांभाळणाऱ्या सर्पमित्रांच्या उपयोगाचे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मातीच्या मडक्यांत ठेवत. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून ओल बाष्प होऊन जाते आणि आत गारवा राहतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रींचे पत्र्याचे शेड उन्हाळ्यात फार तापतात. तेथे सापडलेला साप हवेशीर कापडी पिशवीत, सावलीत ठेवावा आणि वनविभागाला तात्काळ कळवावे. गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये.