रायगडावरचं घर

सुखी घरावर सहसा कोणी नाटक लिहीत नाही. कैकेयीनं वर मागितले नसते तर राम अयोध्येतच राहिला असता. कुंतीनं बाळ नदीत सोडलं नसतं तर कर्ण आपल्याला एवढा जवळचा वाटला नसता. साहित्यातली पुष्कळ मोठी माणसं अशी घरातल्या दुखण्यातूनच घडलेली असतात. मराठीपुरतं बोलायचं, तर लेखकांना पुन्हा पुन्हा ओढून घेणारं असं घर म्हणजे रायगडावरचं, शिवाजी महाराजांचं. बाप, थोरला मुलगा, सावत्र आई, धाकटा भाऊ आणि थोरली सून, एवढीच पात्रं. पण याच पात्रांमधून गेल्या शंभर वर्षांत आपण तीन-चार वेगवेगळे संभाजीराजे उभे केले. ते कसे, ते आज पाहू या.

आधी घडलं काय ते थोडक्यात सांगते. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा. ते दोन वर्षांचे असताना आई सईबाई गेल्या. कापूरहोळच्या धाराऊनं दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. नवव्या वर्षी बापाबरोबर आग्रा पाहिलं. सुटकेनंतर मथुरेत परक्या घरी राहिले. १६७० साली सोयराबाईंना राजाराम झाले. १६७४ च्या जून महिन्यात राज्याभिषेक झाला आणि बारा दिवसांच्या आत जिजाऊ गेल्या. सतरा वर्षांच्या युवराजाच्या डोक्यावरचं घरातलं छत्र तिथं हरपलं. पुढं महाराज दक्षिण दिग्विजयाला गेले तेव्हा युवराजांना रायगडावर न ठेवता शृंगारपुरी ठेवलं. १६७८ च्या डिसेंबरात ते दिलेरखानाला जाऊन मिळाले. भूपाळगड पडला, हाती लागलेल्या सातशे माणसांचा एकेक हात खानानं तोडला. वर्षभरात युवराज परत आले, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. आणि ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले.

त्यानंतर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. पण सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले. हे हंबीरराव कोण? सोयराबाईंचे सख्खे भाऊ! भाच्याला सोडून ते सावत्र भाच्याकडे गेले. वर्गात हा भाग शिकवताना मी इथं नेहमी थांबत असे. हे नुसतं सावत्रपणाचं भांडण असतं, तर मामा भाच्याच्या विरुद्ध का गेला असता? औरंगजेबाच्या फौजा दारात असताना राज्य दहा वर्षांच्या मुलाच्या नावानं चालवायचं की लढाई पाहिलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न राज्याचा होता. पण राजाच्या घरात राज्याचा प्रश्न आणि घरचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

आता हे लिहून कोणी ठेवलं ते पाहा. कृष्णाजी अनंत सभासदानं आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, ती राजारामांसाठी. म्हणजे धाकट्या भावाच्या दरबारात थोरल्याची गोष्ट लिहिली गेली. दुसरी बखर मल्हार रामराव चिटणीसांची, शंभराहून अधिक वर्षांनी साताऱ्यात लिहिलेली. हे चिटणीस बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींना १६८१ च्या कटात देहान्त शासन संभाजीराजांनीच दिलेलं. घराण्याच्या मनातली ती सल बखरीत उतरली नसती तरच नवल. पुढं पिढ्यानपिढ्या जो रागीट, व्यसनी, हट्टी संभाजी आपल्याला माहीत होता, तो बराचसा इथून आलेला आहे.

लेखकांच्या हाती आधी हाच संभाजी आला. राम गणेश गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' लिहायला घेतलं, पण ते पुरं व्हायच्या आत, १९१९ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते गेले. त्यातला राजा मोहात सापडतो, कर्तव्य विसरतो, शेवटी पश्चात्तापानं जळतो. भाषा गडकऱ्यांची, म्हणजे विचारायलाच नको. पण पाया बखरीचा. त्याच नाटकाच्या रागानं २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडून नदीत टाकला गेला. अपुरं राहिलेलं एक नाटक शंभर वर्षांनीही माणसांना एवढं टोचतं. तेव्हा या गोष्टी जुन्या झाल्या असं म्हणता येत नाही.

मग वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षं कागदपत्रं शोधून १९६० साली संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, आणि बखरीतल्या चित्राला मोठा तडा गेला. पुढं १९७१ साली कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात, १९६२ साली, वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आलं. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज आणि काशिनाथ घाणेकर संभाजी. त्या नाटकानं आमच्या पिढीला वेड लावलं होतं. कानेटकरांनी लढाया बाजूला ठेवल्या आणि घराचं दार उघडलं. राज्य उभारणारा पुरुष घरात मात्र हतबल झालेला दिसला. त्याचा मुलगा व्यसनी नव्हता, तर प्रेमाला भुकेला होता. प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक बापाला आणि प्रत्येक थोरल्या मुलाला ते आपलंच वाटलं. माझ्या मते संभाजीराजांना सामान्य माणसाच्या मनात न्याय मिळायला सुरुवात झाली ती इथून. बेंद्र्यांचा ग्रंथ किती जणांनी वाचला असेल? नाटक मात्र गावोगाव गेलं.

पण प्रत्येक न्यायाची किंमत कोणीतरी मोजतं. मुलगा निर्दोष ठरवायचा तर दोष कुठंतरी ठेवावा लागतो. तो सोयराबाईंच्या पदरात जाऊन पडला. शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी १९७९ सालची, आणि तिच्यावरचा त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीतला. संभाजीराजे जसजसे उजळत गेले, तसतशा सोयराबाई काळवंडत गेल्या. चित्रपटात तर त्या पूर्ण कारस्थानी आहेत. याच चित्रपटातल्या गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, आणि दिग्दर्शकांनी माफी मागितली. सोयराबाईंच्या बाजूनं एवढा आवाज मी तरी ऐकला नाही. सावत्र आई वाईट असायचीच, हे आपण आजीच्या गोष्टींपासून धरून चाललो आहोत.

आणि खुद्द संभाजीराजे काय म्हणतात? १६८० साली त्यांनी बाकरेशास्त्र्यांना दिलेलं संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं त्यांनी म्हटलं आहे. राजारामांचं मंचकारोहण होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. राजा मनापासून बोलतो की धोरणानं, हे कोण सांगणार? पण बखरीत संभाजीराजांनी गडावर येताच सोयराबाईंना भिंतीत चिणल्याची जी कथा आहे, ती मात्र टिकत नाही, कारण त्यानंतर वर्षाहून अधिक काळ त्या हयात होत्या. १६८१ चा दुसरा कट उघडकीला आला, अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी यांना शिक्षा झाल्या, आणि त्या ऑक्टोबरात सोयराबाईंचा मृत्यू झाला. त्या मायलेकांमध्ये मधल्या दीड वर्षात काय बोलणं झालं असेल? खरं नाटक कदाचित तिथं आहे. पण त्या बाईंची बाजू सांगणारी बखर कोणी लिहिली नाही.

या घरातली आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमीच जातं. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजे पकडले गेले. गडावर येसूबाई होत्या, त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा शाहू होता, आणि नजरेखाली ठेवलेले राजाराम होते. ज्या दिरासाठी नऊ वर्षांपूर्वी आपल्या नवऱ्याचा हक्क डावलला गेला, त्याच दिराला येसूबाईंनी गादीवर बसवायला संमती दिली. त्यांना गडाबाहेर काढून दिलं आणि स्वतः मुलासह मागं राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई कैदेत गेल्या, त्या सुटून परत आल्या १७१९ साली. तीस वर्षांनी! राजाराम जिंजीला पोचले आणि राज्य टिकलं.

म्हणजे ज्या घरात कट झाले, त्याच घरात हेही झालं. दुखावलेल्या घरातून सूड घेणारी माणसं तयार होतात, असं नाटक-सिनेमा आपल्याला सांगतो आणि आपण मान डोलावतो. येसूबाईंना सूड घ्यायला कारण होतं, संधीही होती. त्यांनी तो घेतला नाही. घर माणसाला घडवतं हे खरं, पण सगळंच घर ठरवत नाही.

असो. नवं नाटक लिहायला बसलेल्या एखाद्या तरुणाच्या हे वाचनात आलं, तर त्यानं एकदा सोयराबाई आणि येसूबाई या सासू-सुनांना समोरासमोर बसवून पाहावं. दोघी एकाच गडावर दीड वर्ष होत्या. तुम्ही कोणी असं काही वाचलं-पाहिलं असेल तर मला जरूर कळवा.