भुलीची नळी कशी धुतली? एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास

भूलशास्त्राचा इतिहास म्हटलं की आपण औषधांची यादी म्हणून दाखवतो: १८४६ ईथर, १८४७ क्लोरोफॉर्म, १९५६ हॅलोथेन. पण मित्रांनो, जरा वेगळा प्रश्न विचारून बघा. औषध ज्या नळीतून आत गेलं, ती नळी पुढच्या जनावरासाठी कशी स्वच्छ केली? माझं संशोधन इथूनच सुरू होतं.

आधी हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. १८४७ मध्ये लंडनचे पशुवैद्य एडवर्ड मेह्यू यांनी कुत्र्या-मांजरांवर ईथरचे प्रयोग केले. पुढे क्लोरोफॉर्म कापडावर किंवा स्पंजावर टाकून जनावराच्या नाकाशी धरत. उच्छ्वास बाहेरच्या हवेत जाई. कापड बदललं की काम भागे.

१९२०च्या दशकात चित्र बदललं. अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी सोडा लाइमने कार्बन डायऑक्साइड शोषून उरलेला वायू पुन्हा श्वासात द्यायची पद्धत रुळवली. त्यांचे सहकारी आर्थर ग्युडेल यांनी फुगा बसवलेली नळी विकसित केली. ती हवाबंद बसते हे दाखवायला त्यांनी स्वतःच्या कुत्र्याला भूल देऊन चक्क पाण्याच्या टाकीत बुडवलं. कुत्रा सुखरूप जागा झाला. त्याचं नाव होतं 'एअरवे'!

ही साधनं होती माणसांसाठी. पशुवैद्यकात ती नंतर रुळली. फायदा मोठा होता: औषध कमी लागतं, ओकारी फुप्फुसात जायचा धोका घटतो. पण आता एकाचा कफ लागलेली नळी दुसऱ्याच्या श्वासनलिकेत जाणार होती.

मग जंतुनाशकात बुडवली की झालं? नाही. वाळलेल्या कफाखाली जंतुनाशक नीट पोचत नाही; म्हणून आधी घासून धुणं आलं. शिवाय लाल रबर रसायन शोषून घेतं. नीट खळखळून धुतलं नाही, तर तेच रसायन श्वासनलिका भाजतं. इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या नळ्याही बराच वेळ हवेवर ठेवाव्या लागतात. म्हणजे स्वच्छतेनेसुद्धा इजा होते.

आता खरी अडचण बघा. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा खोकू लागला. संसर्ग झाला, नळी घासली गेली, की रसायन राहिलं? माणूस निदान घसा जळतोय एवढं सांगतो. कुत्रा काय सांगणार? आणि केसपेपरवर सहसा औषध आणि डोस सापडतो. नळी कशात, किती वेळ बुडवली हे सापडत नाही.

म्हणून संशोधनाची तयारी करताना फक्त शोधनिबंधांवर विसंबू नका. जुने उपकरणांचे कॅटलॉग, खरेदीची बिलं, जंतुनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना, नळीचं रबर, हे सगळं वाचा. रोजचं काम कुणी मुद्दाम लिहून ठेवत नाही. पण पुढचं जनावर सुखरूप उठणार की नाही, हे बऱ्याचदा त्या कामावरच ठरतं.