कबरीवरची फुले

दिवाळीत आमच्या आळीत एक जुनी चाल आहे. वर्षभर ज्या घराशी बोलचाल नसते, त्या घरीही फराळाचे ताट जाते. रिकामे ताट परत धाडू नये म्हणून त्यात चार करंज्या पडतात. भांडण मिटलेले नसते. पण दार उघडलेले असते.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांवरील पंडितांचे ग्रंथ हौसेने वाचतो, आणि त्यांतले पुष्कळसे डोक्यावरून जाते. परंतु आग्नेय आशियाच्या इतिहासातला एक प्रसंग वाचला की मला हे ताट आठवते.

१९६३ साली मलेशियाचे संघराज्य झाले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांना ते इंग्रजांचे कारस्थान वाटले आणि त्यांनी उघड वैर पुकारले. सिंगापूर तेव्हा मलेशियातच होते. १० मार्च १९६५ रोजी दुपारी तेथील मॅक्डोनाल्ड हाऊस या इमारतीत बॉम्ब फुटला. तीन माणसे प्राणास मुकली, तीसहून अधिक जखमी झाली. बॉम्ब ठेवणारे उस्मान व हारून हे दोन इंडोनेशियन नौसैनिक पकडले गेले.

पुढे काळ झपाट्याने पालटला. सिंगापूर स्वतंत्र झाले, सुकार्नोंची सत्ता ढासळली, १९६६ साली वैर संपले. ८ ऑगस्ट १९६७ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर व थायलंड यांनी बँकॉक येथे ‘आसियान’ ही संघटना स्थापली. पण ते दोघे तुरुंगातच होते. नवे अध्यक्ष सुहार्तो यांनी त्यांच्या प्राणांची याचना केली. सिंगापूरपुढे मोठा पेच पडला. नकार द्यावा तर बलाढ्य शेजारी दुखावतो; होकार द्यावा तर लहान राष्ट्राचा कायदा धाकापुढे वाकतो. १७ ऑक्टोबर १९६८ रोजी दोघांना फाशी झाली. जाकार्तात संतप्त जमावाने सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली. सैनिकांचे देह कालिबाता येथील वीरांच्या दफनभूमीत विसावले.

मने आंबलेलीच राहिली. मग १९७३ साली सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू जाकार्ताला गेले, आणि ज्यांना त्यांच्याच राज्यात फाशी झाली होती त्यांच्या कबरींवर त्यांनी फुले वाहिली. शिक्षा मागे घेतली नाही. मृताला मान मात्र दिला. तेथून दोन्ही देशांचे संबंध सुधारत गेले.

कार्ल डॉइच या विद्वानाने १९५७ साली एक विचार मांडला: तंटे युद्धाने सोडवायचे नाहीत असा भरवसा ज्या राष्ट्रांत रुजतो, त्यांचा एक सुरक्षित समाज बनतो. मूळचे ओडिशाचे अमिताव आचार्य यांनी हीच कसोटी आसियानला लावून पाहिली. मायकेल लायफर यांच्यासारखे अभ्यासक मात्र बजावतात की सौजन्याच्या आड बळाचा तोल असतोच. मला दोघांचेही पटते. २०१४ साली इंडोनेशियाने एका युद्धनौकेला उस्मान-हारून यांचे नाव दिले, तेव्हा सिंगापूरची जखम पुन्हा भळभळली. जुलै २०२५ मध्ये तर थायलंड आणि कंबोडिया हे आसियानचे दोन सभासद पाच दिवस एकमेकांवर तोफा डागत होते.

आणि त्या तीन निरपराध मृतांचे काय? वाचकहो, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. १० मार्च २०१५ रोजी, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, त्या इमारतीच्या समोरच अशा बळींचे स्मारक उभे राहिले. वैऱ्याच्या कबरीवर फुले आधी पडली, आपल्या माणसांची शिळा मागून आली. शांततेचा हिशेब असा उफराटा असतो. तो चुकता करायला कोणीतरी मन मोठे करावे लागते, आणि ते करताना घरच्यांचे अश्रू विसरून चालत नाही.

यंदा ताट घेऊन मीच जाणार आहे.